मित्रांना माइनक्राफ्ट सर्व्हरवर येता येत नाही? राउटरला हात लावण्याआधी हे तपासा

"मावशी, माझं चालतंय, पण बाकी कुणाला येताच येत नाहीये." भाच्याचा हा फोन मला दर दोन-तीन महिन्यांनी येतो, आणि बहुतेक शुक्रवारी रात्री जेवणानंतरच. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही कॉलेजचे सहाजण कोथरूड, हडपसर, औंध असे विखुरलो होतो. तेव्हा माझ्या घरच्या डेस्कटॉपवर माइनक्राफ्ट या गेमचा जावा सर्व्हर लावला, म्हणजे सगळ्यांना एकाच जगात एकत्र खेळता येतं. तो अजून चालू आहे. नंतर भाच्याचा लावून दिला, मग त्याच्या सोसायटीतल्या मुलांचे. तक्रार दर वेळी हीच असते. कारणं पाच-सहाच, आणि ती क्रमाने तपासली तर बऱ्याचदा अर्ध्या तासात हाती लागतात. पण जो तो थेट पोर्ट फॉरवर्डिंगला (बाहेरून आलेली जोडणी राउटरकडून सर्व्हरकडे वळवण्याला) भिडतो आणि सगळा रविवार त्यात घालवतो. पुण्यात आता अनेक घरांत ते मुळात चालणारच नसतं, हे मला सगळ्यांना आधी सांगायचंय.

लक्षणं

मित्राला "येत नाही" म्हणजे नेमकं काय होतं ते विचारा. स्क्रीनवर आलेलं वाक्य जसंच्या तसं मागवा, फोनवर फोटो काढून पाठवायला सांगा. निम्मं निदान त्या एका ओळीत असतं.

– 'कनेक्शन टाइम्ड आउट': मित्राने दार ठोठावलं, पण आतून ना हो आलं ना नाही. पत्ता चुकलाय, फायरवॉल (कॉम्प्युटरचा पहारेकरी) गप्प बसवतेय, किंवा ठोठावणं तुमच्या घरापर्यंत पोचतच नाहीये. सर्वांत जास्त वेळा हेच दिसतं.
– 'कनेक्शन रिफ्यूज्ड': कुणीतरी उत्तर दिलं, पण त्या पोर्टवर (कॉम्प्युटरच्या त्या क्रमांकाच्या दारावर) कुणी ऐकत नाहीये. सर्व्हर बंद आहे, पोर्ट वेगळा आहे किंवा निरोप घरातल्या भलत्याच मशीनकडे जातोय. टाइम्ड आउटपेक्षा ही बातमी बरी, कारण कुठलं तरी दार सापडलेलं असतं.
– 'अननोन होस्ट': नाव टाइप करताना चूक झाली किंवा त्या नावामागचा पत्ता सापडत नाही.
– 'आउटडेटेड क्लायंट', 'आउटडेटेड सर्व्हर' किंवा 'इन्कम्पॅटिबल': आवृत्ती जुळत नाही. नेटवर्क ठणठणीत आहे.
– 'नॉट व्हाइटलिस्टेड': मित्र दारात पोचलाय, पण परवानगी असलेल्यांच्या यादीत (व्हाइटलिस्टमध्ये) त्याचं नाव नाही, तुम्हीच आत घेतलेलं नाही.
– 'फेल्ड टू व्हेरिफाय युजरनेम': मित्राचं लॉगिन शिळं झालंय. गेम आणि लाँचर बंद करून पुन्हा लॉगिन करायला सांगा.

शेवटच्या तिन्हींत राउटरचा काडीचाही संबंध नाही. तिथे पोर्टशी खेळत बसू नका.

पहिली तपासणी: सर्व्हर खरंच उभा आहे का

याला एक मिनिट लागतं आणि पैसा लागत नाही. सर्व्हरच्या काळ्या खिडकीत 'डन' या शब्दाने सुरू होणारी ओळ आली पाहिजे. ती आली नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. आली असेल तर त्याच कॉम्प्युटरवर गेम उघडा आणि पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' लिहून आत जाऊन बघा.

'डन' येतच नसेल तर तीन नेहमीचे गुन्हेगार आहेत. पहिला म्हणजे 'युला' नावाच्या फाइलमधलं 'फॉल्स'. परवाना मान्य आहे म्हणून ते 'ट्रू' केल्याशिवाय सर्व्हर उठत नाही. दुसरा, कॉम्प्युटरवरच्या जावाची, म्हणजे सर्व्हर ज्यावर चालतो त्या प्रोग्रॅमची, आवृत्ती. माइनक्राफ्ट १.१८ ला जावा १७ लागतो, १.२०.५ पासून जावा २१, आणि त्याहून नव्या आवृत्तीसाठी डाउनलोड करतानाच काय मागितलंय ते वाचा. एररमध्ये 'क्लास फाइल व्हर्जन ६५' दिसलं तर त्याचा अर्थ सर्व्हरला जावा २१ हवाय आणि तुमच्याकडे जुना आहे. ६१ म्हणजे जावा १७. तिसरा गुन्हेगार 'फेल्ड टू बाइंड टू पोर्ट'. सर्व्हरची एक प्रत मागे चालूच राहिली आहे, किंवा 'सर्व्हर प्रॉपर्टीज' फाइलमध्ये 'सर्व्हर आयपी'समोर कुणीतरी काहीतरी भरून ठेवलंय. ती जागा रिकामी ठेवायची. पत्ता भरायला सांगणारे व्हिडिओ बरेच आहेत आणि त्यांच्या नादाने ही चूक होते, घरच्या साध्या सर्व्हरला तिथे काही लागत नाही.

दुसरी तपासणी: दोघांकडे एकच गेम आहे का

भाच्याचा पिंपळे सौदागरचा मित्र दोन दिवस "टाइम्ड आउट, टाइम्ड आउट" करत होता. शेवटी मी व्हिडिओ कॉलवर त्याची स्क्रीन पाहिली. तो मोबाइलवर होता! मोबाइलवर, एक्सबॉक्सवर, प्लेस्टेशनवर चालतं ते बेडरॉक. कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचे जावा आणि बेडरॉक दोन्ही प्रकार मिळतात. ही दोन वेगळी कुटुंबं आहेत आणि साध्या सर्व्हरवर एकमेकांकडे जात नाहीत. जावाचा ठरलेला पोर्ट २५५६५ आणि तो टीसीपी, बेडरॉकचा १९१३२ आणि तो यूडीपी (टीसीपी आणि यूडीपी म्हणजे निरोप पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती). दोघांना एकत्र आणायला 'गायझर' नावाची जोड मिळते, पण आधी साधा सर्व्हर नीट चालू द्या, मग ती लावा.

जावावरही सगळ्यांची आवृत्ती एकच हवी. लाँचर आपोआप नवी आवृत्ती उचलतो आणि सर्व्हर जुन्यावरच राहतो, म्हणून महिनाभर नीट चाललेलं अचानक गंडतं. मित्राला लाँचरमध्ये 'इन्स्टॉलेशन्स'मध्ये जाऊन सर्व्हरचीच आवृत्ती निवडायला सांगा. सर्व्हर घाईघाईने वर नेऊ नका. वर नेलेलं जग खाली आणता येत नाही. न्यायचंच असेल तर आधी 'वर्ल्ड' फोल्डरची प्रत काढून ठेवा.

'नॉट व्हाइटलिस्टेड' असेल तर सर्व्हरच्या खिडकीत 'व्हाइटलिस्ट ॲड' लिहून पुढे मित्राचं गेममधलं नाव टाका. कटकट नको म्हणून व्हाइटलिस्ट बंद करू नका. २५५६५ हा पोर्ट शोधत फिरणारे स्कॅनर इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात, आणि उघडा सर्व्हर अनोळखी माणसांना सापडतो. आमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) मी अनोळखी नावं पाहिली आहेत. व्हाइटलिस्ट होती म्हणून ती दारातूनच परत गेली.

याच कारणाने 'सर्व्हर प्रॉपर्टीज'मधला 'ऑनलाइन मोड' फॉल्स करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. तो बंद केला की सर्व्हर कुणाची ओळख तपासत नाही. तुमचं नाव लावून कुणीही आत येऊ शकतं, आणि व्हाइटलिस्टला काही अर्थ उरत नाही.

तिसरी तपासणी: घरातल्या घरात

घरातला दुसरा लॅपटॉप त्याच वायफायवर आणा. सर्व्हरच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' चालवा, 'आयपीव्ही४ ॲड्रेस'समोरचा आकडा, समजा १९२.१६८.१.४, लिहून घ्या, आणि तो पत्ता लॅपटॉपवरच्या गेममध्ये टाका.

ही चाचणी कुणी करत नाही आणि सर्वांत जास्त वेळ हीच वाचवते. लॅपटॉप आत गेला तर सर्व्हर, पोर्ट आणि विंडोजची फायरवॉल तिन्ही एका फटक्यात निर्दोष सुटतात आणि भानगड राउटरच्या पलीकडची ठरते. आत गेला नाही तर राउटरकडे बघायची घाई नको, दोष जवळजवळ नेहमी त्या कॉम्प्युटरवरच असतो. त्यातही बहुधा फायरवॉल.

फायरवॉलचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे भलेभले फसतात. सर्व्हर पहिल्यांदा चालवला की विंडोज विचारतं, जावाला परवानगी द्यायची का? घाईत कुणीतरी 'कॅन्सल' दाबतं. विंडोज ते "नको" असं समजतं आणि जावाला अडवणारा नियम गुपचूप लिहून ठेवतं. नंतर तुम्ही कितीही परवानगीचे नियम करा, विंडोज फायरवॉलमध्ये अडवणारा नियम परवानगीच्या नियमावर मात करतो. म्हणून 'इनबाउंड रूल्स'ची यादी उघडा, नावाने लावा, जावाच्या नावापुढे लाल खूण असलेल्या ओळी शोधा आणि त्या आधी काढून टाका. मग नवा नियम करा, प्रोग्रॅमवर नको, पोर्टवर करा: टीसीपी, २५५६५, अलाउ. प्रोग्रॅमवर केलेला नियम त्या फोल्डरमधल्या त्या जावापुरताच असतो. जावा अपडेट होऊन दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की नियम निकामी होतो, आणि "मी तर काहीच बदललं नाही" ही तक्रार इथूनच येते.

शिवाय राउटर बदलला की विंडोज नव्या नेटवर्कला कधीकधी 'पब्लिक' धरतं, आणि तुमचा नियम फक्त 'प्रायव्हेट'साठी असतो. घरच्या नेटवर्कचं प्रोफाइल प्रायव्हेट करा. सर्व्हर लॅपटॉपवर असेल आणि तो कॉलेजात, कॅफेत जात असेल, तर पब्लिकसाठी नियम उघडा ठेवू नका.

फायरवॉल पूर्ण बंद करून बघायची असेल तर एका मिनिटापुरती करा, आणि त्याच मिनिटात परत लावा. "चालतंय ना, मग राहू दे" असं करून ठेवलेले कॉम्प्युटर मी पाहिलेत. तुमच्या घरच्यांचे बँकेचे व्यवहार त्याच मशीनवरून होतात.

चौथी तपासणी: लाइट गेली होती का

परवापर्यंत चालत होतं आणि आज बंद, तर माझा पहिला प्रश्न हाच असतो. आमच्या भागात देखभालीसाठी लाइट जाते ती बहुतेक गुरुवारी. भाच्याचे फोन शुक्रवारी का येतात, हे मला कितीतरी दिवसांनी उमगलं. गुरुवारी दुपारी राउटर बंद पडून परत चालू होतो. बरेच राउटर कुणाला कुठला पत्ता दिला होता ते विसरतात आणि जो आधी येईल त्याला यादीतला पहिला मोकळा पत्ता देतात. घरातले फोन, टीव्ही पटापट जोडले जातात, डेस्कटॉप मात्र संध्याकाळी कुणी चालू करेपर्यंत बंदच असतो. त्याला १९२.१६८.१.४ च्या ऐवजी १.९ मिळतो. पोर्ट फॉरवर्डिंग मात्र अजून १.४ कडेच बोट दाखवतंय, आणि १.४ वर आता आजीचा फोन आहे.

उपाय एकदाच करायचा. राउटरच्या पानावर डीएचसीपीखाली (घरातल्या मशीनना पत्ते वाटणारा भाग) 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं. तिथे डेस्कटॉपचा फिजिकल ॲड्रेस आणि एक पत्ता जोडून ठेवा. फिजिकल ॲड्रेस 'आयपीकॉन्फिग ऑल' मध्ये दिसतो. डेस्कटॉपला केबल आणि वायफाय दोन्ही असतील तर दोन वेगळे फिजिकल ॲड्रेस दिसतील, त्यातला जो प्रत्यक्ष वापरताय तोच घ्या.

बाहेरचा पत्ताही त्याच वेळी बदललेला असू शकतो. मित्रांच्या यादीत जुना आकडा आहे आणि तो आता दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा आहे. त्यासाठी डकडीएनएस किंवा नो-आयपीसारखं फुकटचं नाव घ्या, म्हणजे मित्र नाव टाकतात आणि मागचा आकडा आपोआप बदलत राहतो.

आणि कॉम्प्युटर झोपत नाही ना, तेही बघा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' नेव्हर करा. तुम्ही जेवायला उठलात आणि वीस मिनिटांनी सगळे एकदम बाहेर फेकले गेले, तर कारण हेच.

पाचवी तपासणी: तुमच्या घराला स्वतःचा पत्ता आहे का

घरातल्या घरात चालतंय, बाहेरून टाइम्ड आउट. आता राउटरचं पान उघडा. पत्ता राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. 'स्टेटस'मध्ये 'वॅन आयपी', म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, शोधा आणि तो आकडा कागदावर लिहा. मग त्याच घरच्या नेटवरून ब्राउझरमध्ये "माझा आयपी" शोधा आणि तोही खाली लिहा. साइटने आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ दाखवली तर तो आयपीव्ही६ आहे. आपल्याला चार आकड्यांचा आयपीव्ही४ हवा.

दोन्ही आकडे सारखे असतील तर छान, पुढच्या तपासणीकडे जा. वेगळे असतील तर वॅनच्या आकड्याची सुरुवात बघा. १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल तर तुम्ही कॅरिअर ग्रेड नॅटच्या मागे आहात. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही ठिकाणी १० ने सुरू होणारा आकडाही दिसतो. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी, ती सहाव्या तपासणीच्या शेवटी सांगितली आहे.

याचा अर्थ असा. पेठेतला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावर घर क्रमांक एकच, आत वीस बिऱ्हाडं. तुम्ही आतून बाहेर गेलात, भाजी घेऊन आलात, तर अडचण काहीच नाही. पण बाहेरचा माणूस नुसता घर क्रमांक घेऊन आला तर दिंडीदरवाज्यात उभा राहतो, कारण कुठल्या बिऱ्हाडी जायचं ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे दरवाज्यावर लावलेली पाटी: "२५५६५ विचारत आलेल्याला माझ्याकडे पाठवा." तुम्ही ती पाटी तुमच्या खोलीच्या दारावर लावलीत. दिंडीदरवाजा नेट कंपनीच्या ताब्यात आहे आणि तिथे तुम्हाला पाटी लावता येत नाही. जगात आयपीव्ही४ पत्ते कमी आणि घरं जास्त, म्हणून कंपन्या असं करतात. त्यात तुमची चूक नाही, राउटरचीही नाही.

म्हणून इथे थांबा. नवा महागडा राउटर घेऊ नका, तो याला काही करू शकत नाही. माझ्या एका मैत्रिणीने घेतला होता, आणि तोही फॉरवर्डिंगची तीच निरुपयोगी पाटी लावून बसला. तुमच्यासमोर तीन खरे रस्ते आहेत.

पहिला, मी बहुतेकांना हाच देते: टेलस्केल किंवा झीरोटिअर, म्हणजे लांबलांबच्या मशीनचं एक खासगी नेटवर्क बनवणारं सॉफ्टवेअर. प्रत्येक मित्राने ते बसवायचं, तुम्ही तुमचं मशीन त्यांना शेअर करायचं, आणि गेममध्ये त्यांनी टेलस्केलने दिलेला पत्ता टाकायचा. दोन्ही बाजू आतून बाहेर येऊन मध्ये भेटतात, म्हणून दिंडीदरवाजा आडवा येत नाही. पोर्टही उघडावा लागत नाही, त्यामुळे ते फिरते स्कॅनर तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. चार-सहा मित्रांसाठी फुकटात भागतं. एक गोंधळ टाळा: टेलस्केलचे पत्तेही १०० नेच सुरू होतात, कारण ते तोच पट्टा वापरतं. ते दिसले म्हणून घाबरू नका. जोडणी झाल्यावर 'टेलस्केल स्टेटस' चालवून मित्राच्या ओळीत 'डायरेक्ट' दिसतंय की 'रिले' तेवढं बघा. रिले असेल तर वाट वाकडी होते आणि खेळ अडखळतो. अशा वेळी मित्राला कॉलेजचं किंवा हॉस्टेलचं वायफाय सोडून मोबाइल हॉटस्पॉटवर एकदा बघायला सांगा.

दुसरा रस्ता म्हणजे नेट कंपनीकडून स्थिर पब्लिक आयपी घेणं. त्याचे वेगळे पैसे पडतात, आणि सगळ्याच घरगुती प्लॅनवर तो मिळत नाही. तिसरा, भाड्याचा सर्व्हर. तो घ्यायचा तर मुंबईतला घ्या. पुण्याहून मुंबई दीडशे किलोमीटर, निरोप काही मिलिसेकंदांत जाऊन येतो. युरोपातला स्वस्त मिळाला तरी अंतर कमी होत नाही, प्रत्येक कुदळीचा घाव उशिरा उमटतो.

सहावी तपासणी: पोर्ट फॉरवर्डिंग

दोन्ही आकडे सारखे निघाले असतील, किंवा वॅनचा आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल, तरच इथवर या. राउटरवर नियम एवढाच: बाहेरचा पोर्ट २५५६५, आतला पोर्ट २५५६५, टीसीपी, आणि आतला पत्ता रिझर्व्ह करून ठेवलेला तोच. 'डीएमझेड'ला हात लावू नका. त्याने एका पोर्टऐवजी सगळं मशीन उघड्यावर येतं.

तपासताना एक सापळा आहे. घरात बसून बाहेरचा पत्ता टाकला तर अनेक राउटर तो निरोप परत आत वळवत नाहीत, आणि सगळं बरोबर असूनही टाइम्ड आउट दिसतं. म्हणून लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि मगच बघा. सर्व्हर यादीत हिरवे दांडे दिसले की झालं.

वॅनचा आकडा १९२.१६८ ने सुरू होतोय? मग घरात एकामागे एक दोन राउटर आहेत. फायबरचा डबा दाराच्या वर माळ्याजवळ ठोकलेला, आणि हॉलमध्ये तुम्ही विकत आणलेला राउटर. दोघंही पत्ते वाटत बसलेत. तुमच्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका (म्हणजे तो नुसतं वायफाय देतो, पत्ते वाटत नाही) आणि फॉरवर्डिंग त्या फायबरच्या डब्यावर करा. डब्याचा ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर तो नेटवाल्याचा प्रांत आहे. त्याचं पुढे सांगते.

येता येतं, पण खेळता येत नाही

हे दुखणं वेगळं, तरी लोक याच यादीत आणतात. एक प्रश्न पुरतो: अडखळतंय कुणाला? सगळ्यांना आणि तुम्हालाही, तर सर्व्हर थकलाय. खिडकीत 'कान्ट कीप अप' अशी ओळ येत असेल. सर्व्हरला सेकंदाला २० ठोके द्यायचे असतात, म्हणजे एका ठोक्याला ५० मिलिसेकंद, आणि तेवढ्यात काम उरकत नाहीये. तुम्ही सोडून सगळ्यांना, तर तुमचं अपलोड किंवा वायफाय. सर्व्हरला लॅन केबल लावा, भिंतीपलीकडच्या वायफायवर तो ठेवू नका. एकाच मित्राला, तर ते त्याच्या घरचं.

थकलेल्या सर्व्हरसाठी रॅम घेण्याआधी 'सर्व्हर प्रॉपर्टीज'मधला 'व्ह्यू डिस्टन्स' १० वरून ६ करा. १० वर प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक (जगाचे चौकोनी तुकडे) सांभाळावे लागतात. ६ वर १३ गुणिले १३, म्हणजे १६९. इतका फरक एका आकड्याने पडतो. चार-पाच जणांच्या साध्या सर्व्हरला ४ जीबी पुरतात. ८ जीबीच्या मशीनवर सर्व्हरला ६ जीबी देऊ नका, विंडोजच गुदमरतं.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

फायबरच्या डब्यावर 'लॉस' नावाचा दिवा लाल असेल तर तुमच्या हातात काहीच नाही. प्रकाश येतच नाहीये. पिवळी किंवा पांढरी बारीक वायर ओढू नका, काटकोनात वाकवू नका, उघड्या टोकात डोकावू नका. तक्रार नोंदवा.

त्या डब्यामागचं रीसेटचं बारीक भोक टाचणीने दाबू नका. नेट कंपनीने भरलेलं लॉगिन त्यात असतं. ते पुसलं की सर्व्हर राहू द्या, घरातलं नेटच जातं आणि माणूस येईपर्यंत सगळ्यांची कामं अडतात. डबा ब्रिज मोडवर टाकायचा असेल (म्हणजे पत्ते वाटायचं काम त्याच्याकडून काढून तुमच्या राउटरला द्यायचं असेल), तेही त्यांच्याच माणसाकडून करून घ्या.

लाइट जाऊन आल्यावर जग उघडत नसेल, तर सर्व्हर पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. आधी 'वर्ल्ड' फोल्डर जसाच्या तसा दुसरीकडे कॉपी करा. त्यात 'लेव्हल डॅट'शेजारी 'लेव्हल डॅट ओल्ड' नावाची आधीची प्रत असते. कॉपीमध्ये तिला पहिल्याचं नाव देऊन बघा, मूळ फोल्डरला धक्का लावू नका. तेवढ्याने जमलं नाही आणि डिस्कमधून टकटक येत असेल किंवा कॉपी करतानाच एरर येत असेल, तर मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. चालू ठेवाल तितकं कमी हाती लागतं. राउटर आणि डेस्कटॉप इन्व्हर्टरवर घ्यायचे असतील तर इलेक्ट्रिशियनकडून लोड मोजून घ्या, एक्स्टेन्शनवर एक्स्टेन्शन जोडू नका.

लॉगमध्ये अनोळखी कुणी आत येऊन गेल्याचं दिसलं, तर 'स्टॉप' लिहून सर्व्हर बंद करा, राउटरवरचा नियम काढा, मग शांतपणे बघा. सर्व्हरची आवृत्ती १.१८.१ च्या आधीची असेल तर जास्तच जपा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेमध्ये (सर्व्हरच्या नोंदी लिहिणाऱ्या जावाच्या घटकात) जे खिंडार सापडलं, त्यातून नुसत्या चॅटमधल्या एका ओळीने सर्व्हरचं मशीन ताब्यात घेता येत होतं, आणि ते १.१८.१ मध्ये बुजवलं गेलं. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा कॉलेजच्या नेटवर सर्व्हर लावू नका. तिथल्या फायरवॉलशी झगडणं हे आपलं काम नाही.

नेट कंपनीला फोन करताना "गेम चालत नाही" असं म्हणू नका. समोरचा गेम बंद करून चालू करायला सांगेल. असं सांगा: "माझ्या राउटरच्या वॅनवर शंभरने सुरू होणारा पत्ता येतोय. मला बाहेरून घरी जोडणी हवी आहे. पब्लिक आयपी मिळेल का, आणि कुठल्या प्लॅनवर?" मागाशी लिहिलेला तो कागद हातात असू द्या. दोन आकडे वाचून दाखवले की फोनवरची मुलगी बहुधा तुम्हाला थेट तांत्रिक विभागाकडे जोडून देते.